शेतावरच्या रास्पबेरी पायपर्यंत घरून पोचायचं: वायरगार्ड, सीजीनॅट आणि वीज गेल्यानंतरच्या अडचणी

(ही फोरमवरची चर्चा आहे. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पाणंद

निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागेत अशी मांडणी आहे: ४जी सिमचा राउटर, त्याला लॅन केबलने जोडलेला रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय') आणि ८ चॅनलचा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र). पायला मातीतल्या ओलाव्याचे सेन्सर जोडले आहेत. मोटारीच्या स्टार्टरला रिले (पायने चालवायचा स्विच) लावायचा विचार आहे. नाशिक आणि पुण्याहून ३ मोबाइल व १ लॅपटॉप यांतून पायवर एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) आणि एनव्हीआरवर लाइव्ह चित्र, एवढं हवं आहे.

कॅमेरे बसवणाऱ्याने राउटरवर ८० आणि ५५४ ही पोर्टं (बाहेरून आत यायची दारं) उघडायला सांगितली. तसं केलं तरी बाहेरून काही पोचत नाही. राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.७४ ने सुरू होतो, आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवर दुसराच आकडा येतो. योग्य मार्ग कोणता? बागेत कोणी जाणकार कायम नसतो, त्यामुळे एकदा लावलं की ते आपलं आपण उभं राहिलं पाहिजे.

तांब्याची_तार

वॅन आयपी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. हा पट्टा २०१२ साली मुद्दाम याच कामासाठी राखून ठेवला गेला. एकच सार्वजनिक आयपी मोबाइल कंपनी अनेक ग्राहकांत वाटते. तुमच्या राउटरवर पोर्ट उघडलं तरी त्याच्यापुढे कंपनीचं दार आहे आणि ते तुमच्या हातात नाही. म्हणून पोचत नाही, राउटर बिघडलेला नाही.

पोचत नाही हे एका अर्थी बरंच झालं. उघडलेली दोन्ही पोर्टं आजच बंद करा आणि राउटरमधलं यूपीएनपीही (आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा. एनव्हीआरमधलं फर्मवेअर वर्षानुवर्षं अद्ययावत होत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या जाळ्याने) कारखान्यातून आलेल्या पासवर्डांची ६०-एक जोड्यांची यादी वापरून कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकरवी डिन या डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणाऱ्या) कंपनीवर हल्ला झाला. आजही एखादा सार्वजनिक आयपी उघडा ठेवला की थोड्याच वेळात लॉगमध्ये अनोळखी लॉगिनचे प्रयत्न दिसायला लागतात.

तत्त्व एवढंच की बागेकडून जोडणी बाहेर जावी, बाहेरून आत कोणी ठोठावू नये. बाहेर जाणाऱ्या जोडणीला सीजीनॅट अडवत नाही. त्यासाठी मधे एक सार्वजनिक आयपी असलेलं ठिकाण लागतं: स्वतःचा छोटा व्हीपीएस (भाड्याने घेतलेला सर्व्हर), किंवा टेलस्केलसारखी तयार सेवा.

शेंदूर

टेलस्केलच लावा असं माझं मत. पायवर आणि मोबाइलवर बसवा, लॉगिन करा, झालं. तीन गोष्टी मात्र लोक विसरतात.

एक, प्रत्येक यंत्राच्या किल्लीची मुदत मूळ सेटिंगनुसार १८० दिवस असते. बागेतल्या पायची मुदत संपली की तो गप्प होतो आणि कोणाला तरी तिथे जावं लागतं. ॲडमिन पानावर त्या यंत्रापुरती मुदत बंद करा, पहिल्याच दिवशी. दोन, एनव्हीआरवर टेलस्केल चढत नाही, म्हणून पायला सबनेट राउटर (बागेतल्या बाकी यंत्रांपर्यंत नेणारा दुवा) करावं लागतं. पायवरून मार्ग जाहीर केला तरी ॲडमिन पानावर त्याला मंजुरी दिल्याशिवाय तो चालू होत नाही, आणि लिनक्सच्या लॅपटॉपवर मार्ग स्वीकारण्याचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. तीन, टेलस्केलही १००.६४ चाच पट्टा वापरतं. तुमचा पाय राउटरमागे १९२.१६८ मध्ये आहे, त्यामुळे अडचण नाही. पण कोणी थेट पायला यूएसबी डोंगल लावलं आणि डोंगलने तोच पट्टा पायला दिला, तर गोंधळ होतो.

घाटमाथा

टेलस्केलबद्दल शेंदूर यांचं बरोबर आहे, आणि ज्यांना व्हीपीएस सांभाळायचा नाही त्यांनी तेच घ्यावं. पण कोणतं यंत्र आत येईल याचा निर्णय दुसऱ्याच्या सर्व्हरवर आणि तुमच्या ईमेल खात्यावर अवलंबून राहतो. पुढे मोटार जोडायची आहे म्हणून मी स्वतःच्या व्हीपीएसवर साधं वायरगार्ड (यंत्रायंत्रांत कूटबद्ध बोगदा बांधणारं व्हीपीएन) सुचवेन. सविस्तर लिहितो. आज्ञा आणि फाइलींतले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर ते रोमनमध्ये टाइप करा.

आधी पत्ते ठरवा. बागेतल्या राउटरची लॅन १९२.१६८.१.० किंवा १९२.१६८.०.० असेल तर आत्ताच बदला, कारण घराघरांतले राउटर हेच पट्टे वापरतात. दोन्हीकडे तोच पट्टा असेल तर मोबाइलला एनव्हीआर बागेत आहे की घरात हे कळत नाही. १९२.१६८.४३ पण टाळा, अँड्रॉइडच्या हॉटस्पॉटवर तो बरेचदा भेटतो. समजा बागेची लॅन १९२.१६८.७७.०/२४ केली (/२४ म्हणजे २५६ पत्त्यांचा पट्टा, /३२ म्हणजे एकच पत्ता): राउटर .१, पाय .२, एनव्हीआर .१०. पाय आणि एनव्हीआर यांचे पत्ते कायमचे बांधून टाका. बोगद्यासाठी वेगळा पट्टा १०.७७.०.०/२४: व्हीपीएस .१, पाय .२, मोबाइल .११, .१२, .१३ आणि लॅपटॉप .२१.

व्हीपीएस सगळ्यात लहान घ्या, ५१२ एमबी रॅम पुरते. मुंबईतलं डेटासेंटर मिळत असेल तर तेच, कारण बागेपासून मोबाइलपर्यंतचा प्रत्येक बाइट तिथून वळून येणार आहे. डेबियन १२ टाका. वायरगार्ड लिनक्स कर्नलमध्ये ५.६ या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२० पासून, आहे. 'वायरगार्ड-टूल्स' हे पॅकेज बसवलं की काम होतं.

प्रत्येक यंत्रावर त्याची किल्ल्यांची जोडी तयार करा, 'डब्ल्यूजी जेनकी' आणि 'डब्ल्यूजी पबकी' यांनी. किल्ली ४४ अक्षरांची असते. खाजगी किल्ली ज्या यंत्रावर जन्मली तिथून हलू नये. व्हॉट्सॲपवर तर नाहीच. फक्त सार्वजनिक किल्ली इकडून तिकडे न्यायची. फाइल तयार करण्याआधी यूमास्क ०७७ करा, नाहीतर ती यंत्रावरच्या इतरांना वाचता येते.

व्हीपीएसच्या फाइलीत इंटरफेसखाली पत्ता १०.७७.०.१/२४ आणि ऐकण्याचं पोर्ट ५१८२०. खाली प्रत्येक यंत्राचा एक पीअर (जोडीदाराची नोंद). पायच्या पीअरमध्ये 'अलाउड-आयपीज' (त्या पीअरकडचे पत्ते) दोन: १०.७७.०.२/३२ आणि १९२.१६८.७७.०/२४. मोबाइलच्या पीअरमध्ये त्याचा एकच /३२ पत्ता. इथली सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दोन पीअरना एकच पत्ता किंवा /२४ देणं. वायरगार्ड तक्रार करत नाही, शेवटी नोंदवलेल्या पीअरकडे तो पत्ता जातो आणि आधीचा मुकाट बंद पडतो.

पायच्या फाइलीत पत्ता १०.७७.०.२/२४. पीअर एकच, व्हीपीएसचा: एंडपॉइंटमध्ये व्हीपीएसचा आकडी आयपी आणि पोर्ट, अलाउड-आयपीज १०.७७.०.०/२४, आणि 'पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह' २५ (जोडणी जिवंत ठेवायला दर २५ सेकंदांनी छोटं पॅकेट). एंडपॉइंटला डोमेनचं नाव देऊ नका. नावाचा आयपी फक्त इंटरफेस उभा राहताना एकदाच शोधला जातो, आणि वीज आल्याआल्या डीएनएस तयार नसेल तर सुरुवातच अडते.

मोबाइलवर अलाउड-आयपीज १०.७७.०.०/२४ आणि १९२.१६८.७७.०/२४. तिथे ०.०.०.०/० लिहिलं तर मोबाइलचं सगळं इंटरनेट व्हीपीएसवरून जायला लागतं. कीपअलाइव्ह मोबाइलवर नको, बॅटरी उगाच खर्च होते.

व्हीपीएसवर आयपी फॉरवर्डिंग (एकाचं पॅकेट दुसऱ्याकडे पुढे पाठवणं) १ करा आणि फायरवॉलमध्ये डब्ल्यूजी० (वायरगार्डचा इंटरफेस) वरून येऊन डब्ल्यूजी० वरच जाणाऱ्या रहदारीला परवानगी द्या. यूएफडब्ल्यू (फायरवॉलचं सोपं साधन) असेल तर तो मधून जाणारी रहदारी मुळातच अडवतो, 'रूट अलाउ' असा वेगळा नियम लागतो. बाहेरून फक्त यूडीपी ५१८२० उघडं. व्हीपीएस कंपनीच्या पॅनेलवर वेगळी फायरवॉल असते, तिथेही उघडा, आणि यूडीपीच निवडा. घाईत टीसीपी निवडलं जातं आणि मग दोन तास शोधण्यात जातात.

शेवटी दोन्हीकडे 'डब्ल्यूजी-क्विक@डब्ल्यूजी०' ही सेवा बूटला सुरू होईल असं करा. 'डब्ल्यूजी शो' मध्ये 'लेटेस्ट हँडशेक' (दोन यंत्रांनी एकमेकांना ओळखल्याची शेवटची वेळ) दिसला की जोडणी झाली.

चिंचवड_१०२

कीपअलाइव्ह व्हीपीएसच्या बाजूलाही २५ ठेवावा ना? आणि दर २५ सेकंदांनी पॅकेट म्हणजे सिमचा डेटा किती खाणार?

घाटमाथा

व्हीपीएसच्या बाजूला उपयोग नाही. सीजीनॅटमधली नोंद जिवंत राहते ती आतून बाहेर गेलेल्या पॅकेटने. नोंद एकदा पुसली की व्हीपीएसने कितीही पॅकेटं पाठवली तरी ती आत पोचत नाहीत.

डेटा नगण्य. एक कीपअलाइव्ह हेडर धरून ६० बाइट, दिवसाला ३,४५६ पॅकेटं, म्हणजे सुमारे २०७ केबी. साधारण दर २ मिनिटांनी किल्ल्या नव्याने ठरतात, त्याचे दिवसाला तेवढेच. महिन्याला १२-१३ एमबी धरा. डेटा खातं ते चित्र. सब-स्ट्रीम (कॅमेऱ्याचं कमी दर्जाचं चित्र, मेन-स्ट्रीम म्हणजे पूर्ण दर्जाचं) ५१२ केबीपीएसवर ठेवली तर तासाला २३० एमबी जातात, आणि व्हीपीएसच्या खात्यात ते येताना आणि जाताना असे दोनदा मोजले जाऊ शकतात. मोबाइलवर मेन-स्ट्रीम उघडू नका.

पाणंद

सगळं लावलं. हँडशेक दिसतो. मोबाइलवरून १०.७७.०.२ ला पिंग जातो, एसएसएचही होतं. पण १९२.१६८.७७.१० वर, म्हणजे एनव्हीआरवर, काहीच नाही. पायवरून त्याच एनव्हीआरला पिंग जातो.

तांब्याची_तार

पहिलं, पायवर आयपी फॉरवर्डिंग चालू आहे का बघा, 'सिससीटीएल' ने वाचून. व्हीपीएसवर केलं आणि पायवर राहिलं असं खूपदा होतं.

ते असेल तर परतीचा रस्ता नाही. मोबाइलचं पॅकेट १०.७७.०.११ हा पत्ता घेऊन एनव्हीआरपर्यंत पोचतं. एनव्हीआर उत्तर द्यायला बघतो, हा पत्ता त्याच्या लॅनमधला नाही, म्हणून तो उत्तर गेटवेकडे म्हणजे ४जी राउटरकडे देतो. राउटरला १०.७७ माहीत नाही, तो ते इंटरनेटच्या दिशेने फेकतो. पायवर 'टीसीपीडंप' (पॅकेटं दाखवणारी आज्ञा) लावून एथ० (लॅन केबलचा इंटरफेस) बघितलं तर जाणारं पॅकेट दिसेल, येणारं दिसणार नाही.

दोन उपाय. राउटरमध्ये स्टॅटिक रूट टाका: १०.७७.०.०/२४ साठी गेटवे १९२.१६८.७७.२. स्वस्त ४जी राउटरांत ही सोय बहुतेक वेळा नसते. मग पायवर एनएफटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) मास्करेड: १०.७७.०.०/२४ कडून येऊन एथ० वरून बाहेर जाणाऱ्याला पायचाच पत्ता लागू दे. एनव्हीआरला वाटतं पायच विचारतोय, तो थेट पायला उत्तर देतो. एनव्हीआरमध्ये गेटवे भरायचा राहिला असेल तरी हे चालतं. तोटा एवढाच की एनव्हीआरच्या लॉगमध्ये सगळे जण पायच्या नावाने दिसतात.

पाणंद

मास्करेडने पिंग सुरू झाला, धन्यवाद. आता एनव्हीआरचं पान अर्धं उघडून थांबतं. कधी उघडतं, कधी नाही. लॅपटॉपवरून पायला एसएसएच केलं तर बागेतल्या वायफायवर चालतं, पुण्यातल्या मोबाइल हॉटस्पॉटवरून किल्ल्यांच्या देवाणघेवाणीपाशी अडकून बसतं.

घाटमाथा

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार. छोटी पॅकेटं जातात, मोठी वाटेत गळतात, आणि 'मोठं झालं' असं सांगणारा आयसीएमपी निरोप कुठेतरी अडवला जातो. पिंग छोटा असतो म्हणून तो फसवतो.

वायरगार्डचं ओझं आयपीव्ही४ वर ६० बाइट, आयपीव्ही६ वर ८०. डब्ल्यूजी-क्विक साधारणपणे १५०० मधून ८० वजा करून १४२० ठेवतं. घरच्या फायबरवर पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन जोडणी घेण्याची पद्धत) असेल तर मुळात १४९२ असतात, म्हणजे १४१२. मोबाइल नेटवर्कवर आणखी कमी, कारण काही नेटवर्कांत आयपीव्ही४ ची पॅकेटं आयपीव्ही६ मध्ये बदलून पुढे जातात आणि हेडर २० बाइटनी वाढतो.

तपासणी: लॅपटॉपवरून तुकडे न पाडता पिंग करा, आकार १३९२ द्या. त्यात २८ मिळवले की १४२०. उत्तर नाही आलं तर १३५२, १३१२ असं उतरत जा. काटेकोर आकडा शोधायचा कंटाळा असेल तर पाय, मोबाइल आणि लॅपटॉप तिन्हीकडे एमटीयू १२८० लिहा. आयपीव्ही६ चा किमान आकडा तोच आहे आणि जवळजवळ सगळीकडून जातो. वेगात फरक जाणवणार नाही. एनव्हीआरला मात्र एमटीयू कळत नाही, म्हणून पायवर पुढे जाणाऱ्या टीसीपी जोडण्यांचा एमएसएस (एका पॅकेटमध्ये मावणारा मजकूर) मार्गाच्या एमटीयूला बांधणारा नियम घाला. हा नियम राहिला की एसएसएच सुधारतं आणि एनव्हीआर तसाच अडखळतो.

नदीकाठ

सुरक्षेचं बोलतो. आता एसएसएचकडे वळा, कारण पासवर्डवर चालणारं एसएसएच बोगद्याच्या आतही ठेवू नये. तीनपैकी एखादा मोबाइल चोरीला गेला तर बोगद्याचं दार त्याच्याकडे आहे.

लॅपटॉपवर ईडी२५५१९ जातीची किल्ली तयार करा, तिला पासफ्रेज द्या, 'एसएसएच-कॉपी-आयडी' ने पायवर पोचवा. किल्लीने आत जाता येतं हे पाहिल्यावरच पासवर्ड बंद करा. सेटिंगच्या मुख्य फाइलीला हात लावू नका. 'एसएसएचडी_कॉन्फिग.डी' या फोल्डरात १०- ने सुरू होणारी फाइल करा. तीत पासवर्ड ऑथेंटिकेशन 'नो', केबीडी-इंटरॲक्टिव्ह 'नो', रूट लॉगिन 'नो' आणि अलाउ-युझर्समध्ये एकच नाव.

१०- च का? एसएसएचमध्ये पहिली सापडलेली किंमत टिकते, नंतरची नाही. व्हीपीएसवर क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला सेटिंग भरणारा प्रोग्रॅम) बरेचदा ५०- ची फाइल टाकून ठेवतो आणि तिच्यात पासवर्ड 'येस' असतो. तुम्ही ९९- ची फाइल केली किंवा मुख्य फाइलीत खाली 'नो' लिहिलं तर पासवर्ड चालूच राहतो आणि तुम्हाला वाटतं बंद झाला. म्हणून 'एसएसएचडी' ला मोठा टी हा पर्याय देऊन प्रत्यक्ष लागू असलेली किंमत वाचा. छोटा टी फाइलीतली चूक दाखवतो. सेवा पुन्हा सुरू करताना जुनं सत्र उघडं ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन करून बघा.

चिंचवड_१०२

एसएसएचचं पोर्ट २२ वरून २२२२ केलं तर पुरेसं नाही का? आणि एसएसएच फक्त १०.७७.०.२ वरच ऐकेल असं केलं तर?

नदीकाठ

पोर्ट बदलल्याने लॉगमधला गलका कमी होतो, कुलूप मजबूत होत नाही. तुमच्या मांडणीत बाहेरून एसएसएच दिसतच नाही, त्यामुळे गरज नाही.

दुसरी गोष्ट ऐकायला चांगली, पण त्यात सापळा आहे. बूट होताना वायरगार्ड अजून उभं राहिलं नसेल तर तो पत्ता अस्तित्वातच नसतो, एसएसएचडी बांधणी करू शकत नाही आणि पडतो. त्या दिवशी बोगदा असूनही आत जाता येत नाही. ऐकू दे सगळीकडे, फायरवॉलने फक्त डब्ल्यूजी० आणि लॅनकडून परवानगी द्या.

फायरवॉलचा कोणताही नियम दुरून बदलताना आधी परतीची सोय लावा. 'सिस्टीमडी-रन' ला १० मिनिटांनी जुने नियम परत चढवायला सांगा, मग नवे लावा. आत राहिलात तर तो टायमर रद्द करा, बाहेर फेकले गेलात तर १० मिनिटं थांबा. निफाडला गाडी काढावी लागत नाही.

आणि वायरगार्डचा एक गुण वापरा. पॅकेट १०.७७.०.१३ वरून आलं असं दिसलं तर ते त्याच किल्लीच्या यंत्राकडून आलेलं असतं, दुसऱ्याला तो पत्ता लावून पाठवता येत नाही. म्हणून आयपीवर आधारलेले नियम इथे भरवशाचे आहेत. बागेत राखण करणाऱ्यांच्या मोबाइलला कॅमेरेच बघायचे असतील तर व्हीपीएसवर नियम घाला: .१३ कडून फक्त १९२.१६८.७७.१० कडे, टीसीपी ५५४ आणि एनव्हीआरच्या ॲपचं जे पोर्ट असेल ते. पायवर हा नियम घालायचा असेल तर मास्करेडच्या आधीच्या फॉरवर्ड साखळीत, नंतर खरा पत्ता दिसत नाही.

एक ध्यानात ठेवा. या रचनेत व्हीपीएसवर प्रत्येक पॅकेट उलगडून पुन्हा बांधलं जातं. एनव्हीआरचं पान साध्या एचटीटीपीवर असेल तर त्याचा पासवर्ड व्हीपीएसवर उघडा जातो. म्हणून व्हीपीएसवर दुसरं काही चालवू नका, तिथे वेबसाइट तर नकोच, आणि सुरक्षेची अपडेट आपोआप चढू द्या.

पाणंद

नवीन अडचण. काल बागेत वीज गेली, दोन तासांनी आली. राउटर चालू झाला, पायचा दिवा लागला, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही सुरू झालं. पण बोगदा ४० मिनिटं आलाच नाही, मग आपोआप आला. असं का?

शेंदूर

राउटरला नेटवर्क उशिरा मिळालं असेल.

घाटमाथा

४० मिनिटांनी आपोआप, हे लक्षण नेटवर्कचं कमी आणि घड्याळाचं जास्त आहे.

वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो. जुनं पॅकेट पुन्हा वाजवून कोणी आत येऊ नये म्हणून व्हीपीएस प्रत्येक पीअरचा शेवटचा शिक्का लक्षात ठेवतो आणि त्याहून जुना शिक्का आला तर उत्तर न देता टाकून देतो. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. 'फेक-एचडब्ल्यूक्लॉक' तासातून एकदा वेळ कार्डावर लिहून ठेवतो. वीज अचानक गेली तर पाय उठतो तो त्या लिहिलेल्या वेळेपासून. समजा ती ४० मिनिटं जुनी होती. एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळ लावणाऱ्या सेवेने) वेळ सुधारेपर्यंत पायचा प्रत्येक हँडशेक व्हीपीएसला भूतकाळातला वाटतो. इंटरनेट आल्यावर एनटीपीने काही सेकंदांत वेळ लावायला हवी होती. ती का लागली नाही ते शोधा, 'टाइमडेटसीटीएल' बघा.

नेहमीची दोन कारणं. एनटीपी सर्व्हर म्हणून बोगद्यातलाच पत्ता, म्हणजे १०.७७.०.१, दिला असेल तर बोगद्याला वेळ हवी आणि वेळेला बोगदा हवा, दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. किंवा पायवर अलाउड-आयपीज ०.०.०.०/० असेल, तर डीएनएस आणि एनटीपी दोन्ही न जुळलेल्या बोगद्यात ढकलले जातात. व्हीपीएसच्या आयपीकडे जाणारं तेवढं बाहेरून जातं, बाकी सगळं आत कोंडतं.

पाणंद

बरोबर सापडलं. एनटीपीला १०.७७.०.१ दिला होता, आपलाच सर्व्हर बरा म्हणून. बदलला. तरी इंटरनेट येईपर्यंत घड्याळ चुकीचंच राहणार ना?

घाटमाथा

हो, आणि सेन्सरच्या नोंदींनाही चुकीची वेळ लागते. म्हणून डीएस३२३१ चं आरटीसी (बॅटरीवर चालणारं घड्याळ) मॉड्यूल लावा. पायसाठी बनवलेलं चिमुकलं मॉड्यूल पिन १ ते ९ वर थेट बसतं: ३.३ व्होल्ट, एसडीए, एससीएल आणि ग्राउंड. बूटच्या कॉन्फिग फाइलीत आय२सी चालू करून आरटीसीचा ओव्हरले लिहा आणि फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाका. बाजारात झेडएस-०४२ नावाची मोठी निळी पट्टीही मिळते. तिच्यावर चार्जिंगचा डायोड आणि रेझिस्टर असतो, तो रिचार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ साठी. तिच्यात साधा सीआर२०३२ सेल घालून ५ व्होल्ट दिले तर न भरणारा सेल भरायचा प्रयत्न होतो आणि तो फुगतो. ३.३ व्होल्टच द्या, किंवा तो डायोड काढा. पाय ५ मध्ये घड्याळ बोर्डावरच आहे, फक्त त्याची बॅटरी जोडावी लागते.

उलट प्रकारही होतो. पायची वेळ एकदा चुकून पुढच्या वर्षात गेली आणि तेवढ्यात हँडशेक झाला, तर व्हीपीएस भविष्यातला शिक्का धरून बसतो. नंतर वेळ बरोबर केली तरी तो ऐकत नाही. तेव्हा व्हीपीएसवरून तो पीअर काढून पुन्हा घाला, स्मृती पुसली जाते.

नदीकाठ

वीज येणं-जाणं नेहमीचं असेल तर मुळातच पाय आणि राउटर बॅटरीवर ठेवा. १२ व्होल्ट ७ एएच म्हणजे ८४ वॉट-तास, त्यातले निम्मेच वापरायचे. पाय ५ वॉट आणि राउटर ६ वॉट धरला तर साडेतीन-पावणेचार तास मिळतात. पायला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट), जाड आणि आखूड वायरीने. मोबाइलच्या बारीक केबलवर व्होल्टेज पडतं आणि पाय अध्येमध्ये रीबूट होतो.

शिवाय दोन राखणदार ठेवा. पायचा हार्डवेअर वॉचडॉग (पाय गोठला की तो रीबूट करणारा) सिस्टीमडीमधून १५ सेकंदांवर चालू करा. आणि ४जी राउटरसाठी: तो बरेचदा दिवे लावून बसलेला असतो आणि डेटा मात्र जात नाही. पायला एक रिले द्या, राउटरची वीज त्याच्या एनसी (रिले सुटा असताना जोडलेला) संपर्कातून न्या, म्हणजे पाय बंद असला तरी राउटर चालू राहतो. १५ मिनिटं दोन वेगवेगळ्या बाहेरच्या पत्त्यांना पिंग गेला नाही तर २० सेकंद वीज तोडायची. एकाच पत्त्यावर विसंबू नका, आणि तासाला एकदाच तोडण्याची मर्यादा घाला.

दुसरी वाटही हवी. 'ऑटोएसएसएच' ने पायवरून व्हीपीएसकडे उलटा बोगदा ठेवा: व्हीपीएसच्या लोकलहोस्टवरचं २२०१ हे पायच्या २२ कडे. सर्व्हर-अलाइव्ह ३० सेकंद, ३ वेळा. 'एक्झिट-ऑन-फॉरवर्ड-फेल्युअर' 'येस' ठेवा, नाहीतर जुनी जोडणी पोर्ट अडवून बसली की नवी नुसतीच लटकते. ही किल्ली व्हीपीएसवर 'रिस्ट्रिक्ट' करून फक्त त्या एका पोर्टापुरती ठेवा, शेल नको. एसएसएच टीसीपीवर चालतं, त्यामुळे यूडीपी अडलं तरी ही वाट उघडी राहते. मात्र तिच्यासाठी व्हीपीएसच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ५१८२० बरोबर एसएसएचचं टीसीपी पोर्टही उघडं लागतं.

कळंब

आता मोटारीचं, कारण हे सगळं शेवटी तिथे जाणार आहे. थ्री-फेज डीओएल (मोटार थेट लाइनवर घेणाऱ्या) स्टार्टरची कॉइल बहुतेक ४१५ व्होल्टची असते. बाजारातल्या निळ्या रिले मॉड्यूलवर २५० व्होल्ट छापलेलं असतं. ते थेट स्टार्टरच्या बटणाला समांतर जोडू नका. मध्ये ४१५ व्होल्ट पेलणारा छोटा कॉन्टॅक्टर (जास्त व्होल्टेजचा रिले) घाला, तो मॉड्यूलने चालवा, आणि हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

चालू करायला समांतर रिलेचा १-२ सेकंदांचा ठोका पुरतो. बंद करण्याचा संपर्क मात्र स्टॉप बटणाच्या ओळीत घाला, आणि तो एनओ (रिले सुटा असताना तुटलेला) असावा, पायने धरून ठेवलेला. पाय गोठला, वीज गेली, कार्ड खराब झालं, तरी रिले सुटतो आणि मोटार थांबते. एनसी घातला तर पाय मेल्यावर मोटार चालूच राहते, आणि नेमका तेव्हाच तुम्हाला दुरून काही करता येत नाही. याची किंमत म्हणजे हाताने मोटार चालवायची तर पायला बगल देणारा सिलेक्टर स्विच लागतो. तो लावाच.

आज्ञा 'चालू' आणि 'बंद' अशा दोन वेगळ्या नकोत. 'चालू, ४० मिनिटं' अशी एकच असावी, आणि मोजणी पायवर व्हावी. बोगदा तुटला तरी ४० मिनिटांनी मोटार थांबते. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि ड्राय रनचं संरक्षण स्टार्टरमध्येच राहू द्या, ते सॉफ्टवेअरवर टाकू नका. स्टार्टरवर ऑटोस्विच असेल तर तो काढा किंवा बंद करा, नाहीतर वीज आल्यावर मोटार कोणी सुरू केली हे कळणार नाही.

पिन निवडताना बघा: पाय सुरू होताना जीपीआयओ (पायच्या जोडणीच्या पिना) ० ते ८ वर पुल-अप असतो, म्हणजे पिन वर ओढलेली, ९ ते २७ वर पुल-डाउन, म्हणजे खाली ओढलेली. मॉड्यूल ॲक्टिव्ह-लो (पिन खाली गेली की चालू होणारं) असेल तर ५ किंवा ६ घ्या, म्हणजे बूट होताना चुकून ठोका पडणार नाही. २ आणि ३ आरटीसीला गेल्या आहेत.

चिंचवड_१०२

एक शंका. स्वतःचा व्हीपीएन चालवणं कायद्यात बसतं का? व्हीपीएन कंपन्यांबद्दल काही नियम आले होते.

तांब्याची_तार

सर्ट-इनचे (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे) निर्देश २८ एप्रिल २०२२ चे आहेत. त्यांत व्हीपीएस आणि व्हीपीएन सेवा पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायची आहे. नंतरच्या खुलाशात कंपन्यांचे अंतर्गत व्हीपीएन त्यातून वगळल्याचं सांगितलं आहे. हे लोकांना सेवा विकणाऱ्यांसाठी आहे, स्वतःच्या बागेपासून स्वतःच्या मोबाइलपर्यंतच्या बोगद्यासाठी नाही. व्हीपीएस घेताना कंपनी ओळखपत्र मागेल, ते याचमुळे.

पाणंद

आरटीसी मागवला, एमटीयू १२८० केला, ऑटोएसएसएच चालू आहे. मोबाइल हरवला तर नेमकं काय करायचं एवढं सांगा, म्हणजे घरातल्या सगळ्यांसाठी लिहून ठेवतो.

नदीकाठ

व्हीपीएसवर लॉगिन करून त्या मोबाइलची सार्वजनिक किल्ली देऊन 'डब्ल्यूजी सेट' मधून पीअर काढा. तो त्याच क्षणी बाहेर जातो. मग फाइलीतूनही त्याचा भाग खोडा, नाहीतर व्हीपीएस रीबूट झाला की परत येतो. पायवर काही बदलावं लागत नाही, कारण पाय फक्त व्हीपीएसला ओळखतो. त्या मोबाइलच्या ॲपमध्ये एनव्हीआरचा पासवर्ड साठवलेला असणार, तो बदला. त्यात एसएसएचची किल्ली असेल तर पायच्या 'ऑथराइज्ड-कीज' मधली ती ओळ काढा. नव्या मोबाइलला नवी किल्ली आणि नवा पत्ता द्या, .१४ पासून पुढे. हरवलेल्या मोबाइलचा जुना पत्ता, समजा .१२, पुन्हा वापरू नका, फायरवॉलमध्ये त्याच्या नावाचा एखादा नियम राहून गेलेला असू शकतो.

हे करायला स्वतःचा लॅपटॉप हाताशी नसेल तर व्हीपीएस कंपनीच्या वेब कन्सोलवरून करता येतं. त्या खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, आणि त्याचे रिकव्हरी कोड कागदावर, घरात. कोड त्याच मोबाइलमध्ये ठेवले तर मोबाइलबरोबर तेही जातात.